लाइव्ह श्रुतिका : आवाज हातानं काढावेत की मोबाईलवरून सोडावेत?

घाटनांदूरकर

नमस्कार मंडळी.

आमच्या गावच्या वाचनालयानं यंदा सतरा सप्टेंबरला, मुक्तिसंग्राम दिनाला, भाषणं आवरती घेऊन चाळीस मिनिटांची श्रुतिका करायचं ठरवलंय. देवळापुढचा पत्र्याचा मंडप, सहा कलाकार, तीन माइक. लोक समोर बसून ऐकणार, भोंग्यांवरून गावभर जाणार, आणि पुण्याला गेलेल्या पोरांसाठी मोबाईलवरून थेट. म्हणजे रेडिओसारखंच, फक्त रेडिओ केंद्र नाही.

गोष्ट थोडक्यात: सप्टेंबर १९४८. हद्दीपलीकडच्या कॅम्पातून एक पोरगा चिठ्ठी घेऊन निघतो, बैलगाडीत कडब्याखाली लपून. रात्र, पाऊस. नाक्यावर गाडी अडवतात. मग वाड्याचं दार, आतली म्हातारी, चुलीसमोरचा मोठा प्रवेश. शेवटी रेडिओवर निजामाच्या शरणागतीची बातमी.

आता भांडण असं की निम्मे जण म्हणतात, पाऊस, बैलगाडी, गोळीबार सगळं नेटवर फुकट मिळतं, मोबाईल मिक्सरला जोडा आणि बटण दाबा. निम्मे म्हणतात, लोकांसमोर करतोय तर सूप, पत्रा, करवंट्या घेऊन हातानंच करू, बघायलाही मजा. मी मधे लटकलोय. कुणी केलंय का असं काही?

डीजेभाऊ लातूर

मोबाईल. विषय संपला. २०२६ मध्ये करवंट्या काय वाजवता राव.

खडूस प्रेक्षक

भाऊ, मागल्या वर्षी एका गणेश मंडळात ऐतिहासिक नाटकाचा साऊंड तुमच्याकडंच होता ना? महाराज खलिता वाचायले अन् स्पीकरमधून बाई बोलली, "ब्लूटूथ कनेक्टेड." 😀

डीजेभाऊ लातूर

ते माझं नव्हतं, कुणाच्या तरी फोनचं होतं. आणि तलवारीच्या जागी कोंबडा आरवला ते माझं होतं, मान्य. फाइलींना नावं दिली नव्हती. साऊंड १, साऊंड २ असंच ठेवलं होतं.

रेडिओवाले काका

उशिरा आलो, पण विषय आवडीचा. आकाशवाणीच्या नाटकांत हंगामी कलाकार म्हणून बरीच वर्षं काम केलं. केंद्राचं नाव राहू द्या.

स्टुडिओत आमच्याकडं एक बुटकं दार होतं. भिंत नाही, खोली नाही, नुसती चौकट आणि त्यात कमरेइतकं दार. त्याला कडी, कोयंडा, अडसर, कुलूप सगळं बसवलेलं. नवा माणूस हसायचा. पण त्या दाराला वंगण घालायला सक्त मनाई होती, कारण त्याची करकर हीच त्याची नोकरी. बाजूला तीन चौकोन: एकात फरशी, एकात लाकडी फळी, एकात वाळू. पात्र वाड्यात शिरलं की वाजवणारा माणूस वाळूवरून फरशीवर यायचा. आम्ही मात्र माइकपुढून हलायचो नाही.

घाटनांदूरकर, तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर: जो आवाज पात्रामुळं होतो तो हातानं काढा. दार, पाऊल, पेला, कडी, गाडी थांबणं. नट रोज सारखं बोलत नाही. एखाद्या दिवशी "कोण आहे?" नंतर तो जास्त थांबतो, कारण समोरचे लोक श्वास धरून बसलेले त्याला कळतात. कडी वाजवणारा त्याच्याकडं बघत असेल तर तोही थांबतो. फाइल थांबत नाही.

बाकी लाइव्ह करताना ज्यात लोक फसतात ते सांगतो.

पानं. संहिता पिन मारून हातात धरू नका. कागदाची खसखस माइकला पावसापेक्षा मोठी ऐकू येते. एका बाजूनं छापलेली सुटी पानं घ्यावीत आणि वाचून झालेलं पान अलगद खाली सोडावं, पायाशी घोंगडी किंवा सतरंजी अंथरून. पान उलटायच्या जागी वाक्य तुटता कामा नये. वाक्य पुढच्या पानावर जात असेल तर टायपिंग बदला.

प, फ, भ. मराठीत हे भरपूर. "फौज फुटली" म्हटलं की माइकात फटाका. तोंड माइकच्या नाकासमोर न ठेवता जरा तिरकं ठेवायचं. अंतर एक वीत. कानातलं बोलायचं तर चार बोटं. लांबून हाक मारायची तर ओरडायचं नाही, दोन पावलं मागं जाऊन मान वळवायची. नाटकातून आलेल्या नटाला हेच जमत नाही, त्याला शेवटच्या रांगेपर्यंत आवाज पोचवायची खोड असते. इथं शेवटची रांग माइकच्या जाळीपाशीच आहे.

शमीचं झाड

काका, वाखू (वाचनखूण) साठवली. वंगण न घालणारं दार फारच आवडलं.

सौ. पुरणपोळी

आम्ही महिला मंडळात केली होती श्रुतिका, दुष्काळावर. शेवटी पाऊस पडतो. सुपात मोहरी घेऊन मी माइकजवळ हळूहळू फिरवायची असं ठरलं. तालमीत सगळ्या म्हणाल्या, अगदी खरा पाऊस! कार्यक्रमात भोंग्यावरून आवाज गेला आणि घरी ओट्यावर बसून ऐकणारी आमची आजेसासू म्हणाली, "कोण भजे तळलालंय गं एवढ्या रात्री?"

खडूस प्रेक्षक

😂😂 दुष्काळात भजे.

रेडिओवाले काका

ताई, आजींचा कान बरोबरच होता. पाऊस, तळणं आणि टाळ्या हे तिन्ही आवाज कानाला सख्खे भाऊ. श्रोत्याला आधी कळायला हवं की काय ऐकायचंय. "आभाळ बघ कसं भरून आलंय, कडबा झाका रे" एवढं एक वाक्य आधी टाका, मग मोहरी काय, वाळू फिरवली तरी पाऊसच ऐकू येईल. मात्र वाक्य आवाजाच्या आधी हवं. "अरे, हा पाऊस आला!" असं नंतर म्हटलं की नट आवाजाचा खुलासा करत बसल्यासारखा वाटतो.

सौ. पुरणपोळी

अगदी. आमच्याकडं ते वाक्य नंतरच होतं. तोवर आजी चुलीपर्यंत जाऊन आली होती.

निम्मा इंजिनियर

एक कोरडा मुद्दा. भोंगे किती आणि कुठं? आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. मंडपात बसलेल्या माणसाला १७० मीटरवरच्या वेशीतल्या भोंग्याचा आवाज अर्ध्या सेकंदानं मागून येणार. भाषणात हे खपतं. श्रुतिकेत "थांब!" आणि मागून पुन्हा "थांब!" ऐकू आलं की शिपाई दोन होतात. मंडपाच्या लोकांसाठी जवळ दोन लहान स्पीकर लावा, भोंग्यांची तोंडं गावाकडं फिरवा.

आणि माइकच्या पुढं, म्हणजे माइकच्या तोंडासमोर, स्पीकर ठेवला तर कुईई होणारच. हळू कुजबुजीसाठी साऊंडवाला माइक वाढवतो आणि नेमकी तिथंच शिट्टी वाजते. कुजबुज असलेली पानं त्याला आधी दाखवून ठेवा.

डीजेभाऊ लातूर

हे बाकी खरंय. साऊंडवाल्याला कुणी संहिता देतच नाही. आम्हाला फक्त "भाऊ, आवाज वाढवा" एवढंच सांगतात.

गोदाकाठ

नांदेडहून. आमच्या कॉलेजच्या ग्रुपनं हाताच्या आवाजांवर चार महिने खेळ केला होता, त्यातलं टिकलेलं सांगतो.

आग: इंग्रजी पद्धतीत चुरचुरीत पारदर्शक कागद चुरगाळतात. वेफरचं रिकामं पाकीटही चालतं, पण जवळून ते पाकीटच वाटतं. आम्हाला सगळ्यात भारी सापडल्या तुराट्या. वाळलेल्या बारीक तुराट्या माइकपासून हातभर लांब, एकेक करून, अनियमित मोडायच्या. कटक... कट... कटकट. खालून एक जण पाकीट अगदी हळू चोळतो. दोन्ही मिळून चूल पेटते. एकटं काहीच पेटत नाही.

बैलगाडी: घुंगुरमाळा एकानं हातात धरून बैलाच्या चालीत हलवायच्या. नाचाच्या घुंगरांसारखा ताल धरला की संपलं, बैल लावणीला निघालेत असं वाटतं. चाकाची करकर जुन्या बाजेवर बसून मागंपुढं झुललं की मिळते. गाडी थांबली तरी घुंगरं लगेच थांबवू नका. बैल मान हलवतो. तो शेवटचा एक छन् आला की लोकांना गाडी उभी दिसते.

घोडा: करवंट्या. पण टेबलावर नको, परातीत माती घेऊन. आपल्याकडचा घोडा डांबरी रस्त्यावर कुठं धावत होता?

विहिरीतला किंवा तळघरातला आवाज: रिकाम्या रांजणात तोंड घालून बोलणं. माइक रांजणाच्या काठाशी.

गोळी: लाकडी पट्टी जाड पुठ्ठ्यावर. माइकपासून किमान सहा-सात फूट लांब. जवळ वाजवली तर माइक नुसता "ठप्प" म्हणून गुदमरतो.

गर्दी: पाच जणांनी वेगवेगळं पुटपुटायचं. इंग्रजी नाटकवाले म्हणे त्यासाठी "रुबार्ब रुबार्ब" म्हणतात. आम्ही "वरणफळं-ठेचा-भाकर" म्हणायचो. एकदा एक जण थांबायचं विसरला आणि शांततेत एकटाच "ठेचा" म्हणाला.

खडूस प्रेक्षक

घाटनांदूरकर, तुमच्या नाक्यावर ठेचा नको. बाकी यादी उत्तम. पण एक शंका, सप्टेंबरात तुराट्या कुठून आणणार? तूर तेव्हा शेतात हिरवी असते. ओली तुराटी मोडत नाही, वाकते.

गोदाकाठ

बरोबर पकडलंत. गेल्या साली रचलेल्या वळईतल्या लागतील, तेही पावसात न भिजलेल्या.

माळकरी

संगीताबद्दल कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. पेटी असेलच तुमच्याकडं. गंमत माहीत आहे का? ज्या रेडिओची आपण नक्कल करतोय त्याच रेडिओवर पेटीला १९४० पासून बंदी होती. श्रुती नीट लागत नाहीत, वाद्य परकं, अशी कारणं. १९७१ च्या सुमारास ती सैल झाली. तोवर गावागावांत भजन पेटीवर आणि रेडिओवर पेटी नाही, अशी तऱ्हा.

शमीचं झाड

आणि आकाशवाणीची सकाळची ती धून, तंबोऱ्यावरची, ती वॉल्टर कॉफमन यांची. आजच्या चेक देशाकडचे ज्यू गृहस्थ, मुंबईत आसरा घेतलेले. आमचे आजोबा त्या धुनीवर दाढीचं पाणी ठेवायचे.

माळकरी

वा. मूळ मुद्दा पुढं नेतो. प्रवेश बदलताना पाच-सात सेकंदांचा संगीताचा तुकडा लागतो, कारण इथं पडदा पडत नाही. प्रत्येक तुकडा वेगळा बांधू नका. एकच चाल धरा, गाडीच्या प्रवेशाआधी ती एकतारीवर, नाक्यानंतर पेटीच्या खर्जात, शेवटी सगळ्यांनी. लोकांना नकळत ओळख पटते.

आणि रझाकारांच्या, म्हणजे निजामाच्या बाजूच्या सशस्त्र टोळ्यांच्या, प्रवेशाला संबळ लावायचा मोह होईल, कारण वाजतो जबरदस्त. लावू नका. आपल्या भागात संबळ सुरू झाला की बायका पदर सावरून हात जोडतात. त्यांच्या कानात तुळजापूर येतं, नाका येत नाही. हलगीचंही तसंच, ती मिरवणूक आणते. भीती हवी असेल तर पेटीचा एकच सूर भात्यानं हळूहळू दमवत न्या.

डीजेभाऊ लातूर

भीतीला आपल्याकडं सब आहे की, खोल बेसचा स्पीकर. दोन अठरा इंची. भारताची फौज येते तेव्हा रणगाड्यांचा गडगडाट सोडा, मंडपाचे पत्रे थरथरले पाहिजेत. तेरा सप्टेंबरला फौज नळदुर्गाकडून शिरली होती ना? तो धमाका लाइव्ह करा.

लोहारेकर

एरवी वाचत असतो, लिहीत नाही. आज लिहितो.

३० सप्टेंबर १९९३ ला मी अकरा वर्षांचा होतो. आदल्या रात्री गणपती बुडवून लोक दमून झोपलेले. पहाटे ३ वाजून ५६ मिनिटांनी किल्लारीच्या भूकंपात जे झालं ते सगळ्यांना माहीत आहे. मला आधी हादरा आठवत नाही, आवाज आठवतो. जमिनीखालून ट्रक यावा तसा. त्याआधीच्या वर्षी, १९९२ लाही असे आवाज यायचे, मोठी माणसं अंगणात येऊन बसायची.

आजही आमच्याकडं खोल गडगडाट आला की माझी आई बोलता बोलता थांबते आणि दाराकडं बघते. लग्नाच्या वरातीत डीजेचा बेस आला तरी. हिंगोलीकडं जमिनीतून आवाज आला अशी बातमी वाचली की दोन रात्री झोपत नाही.

रात्री गावभर भोंग्यांवरून गडगडाट सोडू नका, एवढंच. मंडपातल्या लोकांना माहीत असतं नाटक आहे. घरात पडलेल्या म्हाताऱ्याला माहीत नसतं.

डीजेभाऊ लातूर

दादा, डोक्यातच आलं नाही. सब कॅन्सल.

रेडिओवाले काका

लोहारेकर, बरं झालं लिहिलंत. रेडिओचा मोठा धोका हाच, ऐकणारा मधूनच कान देतो. अमेरिकेत १९३८ साली मंगळावरच्या स्वारीची श्रुतिका बातम्यांच्या ढंगात झाली, तेव्हा उशिरा रेडिओ लावलेले काही लोक खरोखर घाबरले. घाटनांदूरकर, दर दहा मिनिटांनी नाही, पण आदल्या दिवशी आणि सुरुवातीला दवंडीसारखं जाहीर करा.

फौज गडगडाटाशिवाय आणता येते. म्हातारी चुलीपाशी बसलीय. फुलपात्रावर ठेवलेली वाटी अगदी बारीक किणकिणायला लागते. ती म्हणते, "वाटी कामून हालली गं?" आणि सगळे गप्प. बस. वाटी हातानं किणकिणवा, नखानं.

गोदाकाठ

काका 🙏 अंगावर काटा.

निम्मा इंजिनियर

ही वाटी मोबाईलवर जमणार नाही, मान्य.

पण हातवाल्यांनीही हट्ट सोडावा. रातकिडे, लांबचा वारा, सतत पडणारा बारीक पाऊस हे वीस मिनिटं हातानं कोण करणार? सौ. पुरणपोळीताईंचा हात सुजेल. पाठीमागं सतत चालणारा थर मोबाईलवरून, अगदी हळू, विमान मोडवर. पुढचे ठळक आवाज हातानं. आणि थर एकाच माणसाच्या बोटाखाली हवा. नाक्यावर गाडी अडवली की त्यानं रातकिडे हळूच बंद करावेत. लोकांना कळणार नाही काय गेलं, पण घसा कोरडा पडेल.

खडूस प्रेक्षक

रातकिडे कशाला सोडता? सप्टेंबरात रात्री मंडपाबाहेर फुकट ओरडतात, बेडकांसकट. ते कसे बंद करणार ते सांगा.

शमीचं झाड

लोकांनी बघायचं की ऐकायचं हेही ठरवा. सूप-करवंट्या दिसल्या की पहिली पाच मिनिटं लोक हसतात, दाद देतात. विनोदी श्रुतिका असती तर उत्तम. पण कडब्याखाली पोरगा श्वास रोखून पडलाय आणि प्रेक्षक बाजेवर झुलणाऱ्या माणसाकडं बघून हसतायत, हे कसं चालेल?

बीबीसीवर जानेवारी १९२४ मध्ये झालेली, खास रेडिओसाठी लिहिलेली श्रुतिका कोळशाच्या खाणीत घडते. दिवे जातात, पात्रांनाही काही दिसत नाही. श्रोते आणि पात्रं एकाच अंधारात. तुमच्याकडंही रात्रच आहे. मंडपातले दिवे घालवा, नटांपुढं वाचायला झाकलेला लहान दिवा ठेवा. आवाजवाले पडद्यामागं. संपल्यावर पडदा उघडून सगळं सामान दाखवा, पोरांना हात लावू द्या.

घाटनांदूरकर

दिवसभर शेतात होतो, आत्ता सगळं वाचलं. श्रुतिका लिहिणाऱ्या सरांनाही वाचून दाखवलं. ठरलं ते असं:

दार, कडी, गाडी, करवंट्या, चूल, वाटी हातानं. लांबचा वारा आणि रात्रीचा थर मोबाईलवर, रातकिडे आहेत तसे. सब नाही. सोळा तारखेला दवंडी. दिवे बंद, पडदा शेवटी उघडायचा. वाटीचं वाक्य सरांनी जसंच्या तसं घेतलं, काका, तुमची परवानगी गृहीत धरलीय.

घुंगुरमाळा पोळ्याला बाहेर निघतातच, मिळाल्या. बाज मिळाली. तुराट्यांचं अजून जमत नाही, आमच्या वळईवर छत नाही. आणि काल तालमीला खरा पाऊस आला. पत्र्यावर असा बडवला की शेजारी उभ्या माणसाचं ऐकू येईना. त्या दिवशी तसं झालं तर?

रेडिओवाले काका

तर मोहरी घरी न्या. पत्र्याखाली ताडपत्री किंवा जुन्या सतरंज्या ताणून बांधा, आवाज पुष्कळ मरतो. तरीही ऐकू येत नसेल तर नाक्यावरच्या शिपायाला सांगा, पहिलं वाक्य बोलायच्या आधी पाऊस ओसरायची वाट बघ. गाडी तेवढी घटकाभर उभी राहील. घुंगरंवाल्याला मात्र झोपू देऊ नका.

सौ. पुरणपोळी

तुराट्या माझ्याकडून न्या. गोठ्याच्या माळ्यावर दोन भारे आहेत, कोरडे ठाक. अंबाजोगाईच्या बस स्टँडवर कुणाला तरी पाठवा, भाच्याकडं देते. आणि सूपही देऊ का? आमचं चांगलं सारवलेलं आहे.

घाटनांदूरकर

ताई, शनिवारी मीच येतो. सूप पण द्या. मोहरी आमची.